गंजू लामांच्या शॉर्ट फिल्मसाठी डमी पियाट : कामाच्या नोंदी

७ एप्रिल

शॉर्ट फिल्मचं नक्की झालं. १२ जून १९४४ ची सकाळ, मणिपूरमधलं निंगथौखोंग गाव, आणि सातव्या गुरखा रायफल्सचे रायफलमन गंजू लामा. तासभर जपानी तोफांचा मारा झाला, मग पाच मध्यम रणगाड्यांच्या साथीने हल्ला झाला आणि त्यातले तीन आपली फळी फोडून आत घुसले. डावं मनगट मोडलेलं, उजव्या हाताला जखम, पायाला जखम, अशा अवस्थेत हा वीस वर्षांचाही नसलेला मुलगा पियाट (खांद्याला लावून मारायचं ब्रिटिश रणगाडाविरोधी हत्यार) घेऊन सरपटत पुढे गेला आणि ३० यार्डांवरून एकामागून एक दोन रणगाडे त्याने बंद पाडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मूळचे सिक्कीमचे, नंतर स्वतंत्र भारताच्या सैन्यातही राहिले.

माझ्याकडे काम एकच, पियाट. नकली, काहीही न उडवणारा, पण कॅमेऱ्याला आणि नटाच्या खांद्याला खरा वाटेल असा. भाड्याने प्रॉप देणाऱ्यांकडे विचारून झालं, रायफली आहेत, स्टेनगन आहे, बझूकासारखं एक नळकांडं आहे, पियाट कुणाकडेच नाही. म्हणजे बनवायलाच लागणार. उद्या कुणाला असलंच काही बनवायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून पैसे, वेळ, फसलेल्या गोष्टी सगळं इथे लिहीत जातो.

१० एप्रिल

हात लावायच्या आधी पडद्यावर पियाट कुठे कुठे दिसलाय ते बसून बघितलं. १९४६ चा 'देअर्स इज द ग्लोरी' आधी, कारण तो नेदरलँड्समधल्या १९४४ च्या लढाईनंतर वर्षभरातच तिथल्या आर्नहेम आणि ऊस्टरबेकच्या खऱ्या पडक्या घरांत शूट केलाय आणि त्यात काम करणारे लोक तिथे स्वतः लढलेले पॅराट्रूपर. अभिनय म्हणून बघू नका, हत्यार हातात असताना माणूस कसा वाकतो, कसा बसतो, कुठला हात कुठे टेकवतो तेवढंच बघा, ते दुसऱ्या कुठल्याही सिनेमात मिळत नाही.

मग १९७७ चा 'अ ब्रिज टू फार'. रिचर्ड अॅटनबरोंचा, म्हणजे पुढे 'गांधी' केला तेच, ज्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या. पुलाचं शूटिंग आर्नहेमला नाही, डेव्हेंटर गावात झालंय. पुलाच्या टोकाच्या घरांतून लढणाऱ्या, फ्रॉस्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या माणसांकडे पियाट दिसतो. घरातून हे महत्त्वाचं आहे, कारण पियाट रॉकेट नाही, मागून आगीचा झोत येत नाही, त्यामुळे बंद खोलीतूनही मारता यायचा. बझूका, म्हणजे रॉकेट मारणारं नळकांडं, तसा खोलीतून मारला तर मागे उभ्या असलेल्या आपल्याच माणसाचं काही खरं नाही.

२००३ मध्ये बीबीसीवर ब्रिटिश टीव्ही निवेदक जेरेमी क्लार्कसनने व्हिक्टोरिया क्रॉसवर एक माहितीपट केला होता, तोही बघितला. त्यात मुख्य भाग मेजर रॉबर्ट केनचा, आर्नहेमला ज्यांनी पियाटने रणगाडे अडवले ते. केन हे क्लार्कसनच्या तेव्हाच्या बायकोचे वडील, आणि वडिलांना एवढं मोठं पदक मिळालंय हे तिला ते गेल्यावर कळलं. हे ऐकून मी थोडा वेळ थांबलो होतो.

गेममध्ये म्हणाल तर 'कंपनी ऑफ हीरोज : ऑपोझिंग फ्रंट्स' आणि 'बॅटलफील्ड ५'. दोन्हीत बॉम्ब कमान करून जातो. आमच्या टीममधल्या पोरांना पियाट माहीत आहे तो इथूनच.

एवढं सगळं बघून एक गोष्ट खटकली, पडद्यावर पियाट म्हणजे आर्नहेम आणि युरोप. इंफाळच्या चिखलातला पियाट, आपल्या देशाच्या जमिनीवर चाललेला, तो कुठे दिसतच नाही. म्हणून हे नीट करायचंय.

१३ एप्रिल

मापं. पक्की माहीत असलेली तीनच धरली : लांबी ३९ इंच म्हणजे ९९ सेंमी, बॉम्बचा व्यास ८३ मिमी, वजन ३२ पाउंड म्हणजे साडेचौदा किलो. बाकी सगळं फोटोवरून. पहिला कागदी साचा एका तिरप्या फोटोवरून काढला आणि खांद्याचा टेका नको तेवढा मोठा आला, कारण तो कॅमेऱ्याच्या जवळ होता. तो साचा फेकला. फक्त अगदी बाजूने काढलेला फोटो घ्यायचा, त्यात एकूण लांबी ९९ धरायची आणि बाकीचं त्या प्रमाणात मोजायचं. अर्धा दिवस गेला पण पुढचे कित्येक दिवस वाचले.

आकार थोडक्यात असा. मागे टी आकाराचा खांद्याचा टेका, त्यावर कॅनव्हासची गादी. मग लांब गोल नळी, तिच्या आत भलीमोठी स्प्रिंग आणि जाड दांडा. पुढे अर्धगोल उघडी पन्हळ, बॉम्ब वरून तिच्यात ठेवायचा. खाली एकच पाय. ट्रिगर दोन बोटांनी दाबावा लागेल एवढा मोठा. नेम धरायचं साधन डाव्या बाजूला, घडी होणारं.

नशीब असं की ९० मिमीचा पीव्हीसी पाइप आतून साधारण ८४-८५ भरतो. उभा अर्धा कापला की पन्हळ तयार, आणि ८० मिमीचा लाकडी बॉम्ब त्यात छान बसतो. मधल्या नळीला ७५ चा पाइप.

१९ एप्रिल

पहिला डमी उभा राहिला. पाइप ६०० रुपये (बोहरी आळीत तुकडे मिळतात, अख्खा वीस फुटी घ्यायची गरज नाही), प्लाय ७००, एम-सील आणि चिकटवायचं सामान ४५०, रंग आणि प्राइमर ६५०. दिसायला बरा. पाइप तापवून पन्हळीचं तोंड थोडं पसरवताना एक तुकडा करपून वाकडा झाला, हीट गन लांबून आणि सारखी फिरवत ठेवायची, एका जागी धरायची नाही.

रंग दुसऱ्याच दिवशी नखाने निघायला लागला. पीव्हीसी गुळगुळीत असतो, आधी १२० च्या पॉलिश पेपरने घासून तो खरखरीत केला नाही तर प्राइमर धरतच नाही. सगळा उतरवून परत केला.

२२ एप्रिल

आमच्या नटाच्या हातात डमी दिला आणि मोबाइलवर टेस्ट शूट केलं. फसलं. डमी तीन किलोचा, तो पोरगा छत्री घेऊन निघाल्यासारखा पळत होता. कितीही सांगितलं की बाबा हे साडेचौदा किलोचं आहे, तरी शरीर खोटं बोलत नाही. वळताना एका हाताने वळवतो, उठताना हत्याराचा भार न घेता उठतो, सरपटताना कोपरावर दाब येतच नाही. डिरेक्टर म्हणाला, "अरे ठीक आहे, एडिटमध्ये कळणार नाही." मला वाटतं हेच कळतं. दुसरं काही नाही कळलं तरी चालेल. रणगाडा आम्ही पूर्ण दाखवणारच नाही आहोत, बजेटच नाही, पण एका जखमी माणसाने एवढं ओझं चिखलातून ३० यार्डांपर्यंत नेलं ही गोष्ट जर प्रेक्षकाच्या खांद्याला जाणवली नाही तर मग ही फिल्म करायची कशाला.

ठरलं. वजन घालायचं.

२५ एप्रिल

वाळू भरली. नळीच्या आत पिशवी करून. वजन आलं पण वाळू सरकते, डमी पुढे झुकवला की सगळा भार तोंडाकडे, उचलला की मागे, नट तोल सांभाळण्यातच गुंतला. आणि पिशवी फुटून वाळू ट्रिगरच्या खाचेतून गळायला लागली. काढली.

शिवाय पाइप एवढं वजन घेत नाही, मधल्या जोडाला चीर गेली. म्हणजे मधली नळी लोखंडीच पाहिजे. फॅब्रिकेटरकडे गेलो, त्याने कागद बघितला आणि आधी विचारलं हे काय आहे. खरं ते सांगितलं, फिल्मचं आहे, आतून काही चालत नाही, फोटो दाखवले, गंजू लामांची गोष्ट सांगितली. मग त्याने इंटरेस्ट घेतला. ज्याच्याकडे काम द्याल त्याला पहिल्यांदाच सगळं सांगून टाका, लपवाछपवीने काम अडतं.

४ मे

लोखंडी नळी आणि खांद्याचा टेका आला. ३,२०० रुपये, वेल्डिंगसकट. दोन दिवस सांगितले होते, आठवडा लागला, लग्नाचा सीझन आहे, सगळीकडे मांडवांची कामं.

नळीच्या आत मध्यभागी १६ मिमीच्या सळईचे तुकडे जुडी करून घट्ट बसवले, दोन टोकांना लाकडी चकत्या, त्यांना बाहेरून स्क्रू. ५४० रुपये. आता काही सरकत नाही. पुढचं तोंड आतून पूर्ण लाकडाने बंद आहे, काहीही कधीही त्यातून बाहेर येऊ शकत नाही, आणि हे मी मुद्दाम वेल्डरकडून कायमचं पक्कं करून घेतलंय.

वजन अकरा किलो. साडेचौदाला नेता आलं असतं पण नटाला चिखलात तासन्‌तास काम करायचंय, गुडघा दुखावला तर फिल्म थांबेल. अकराला चेहरा आपोआप बदलतो. आधीचा हलका पीव्हीसीवाला फेकला नाही, पडण्याच्या शॉटसाठी आणि लांबच्या शॉटसाठी ठेवला. दोन डमी असावेतच.

११ मे

आता स्प्रिंग ताणायचा सीन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पियाटमधली स्प्रिंग साधारण २०० पाउंडांची, म्हणजे नव्वद किलो. ती ताणायची तर हत्यार उभं करायचं, खांद्याच्या टेक्यावर दोन्ही पाय ठेवायचे, नळी फिरवून कुलूप सोडायचं आणि कमरेत वाकून पूर्ण ताकदीने नळी वर खेचायची, खट्‌ झालं की परत खाली दाबून फिरवून बसवायची. उंच माणसाला सोपं. बुटक्या माणसाला फार अवघड. झोपून करायचं तर आणखीच.

एकदा का ती ताणली आणि बॉम्ब मारला, की बॉम्बच्या शेपटीतल्या काडतुसाचा धक्का दांड्याला मागे ढकलतो आणि स्प्रिंग आपोआप परत अडकते. पण माणसाने खांदा घट्ट लावून धरला असेल तरच. ढिला धरला की गेलं, परत उभं राहून खेचा, समोर रणगाडा असताना.

डमीत आधी मोपेडच्या शॉकअपची जुनी स्प्रिंग टाकली होती. ती फक्त दाबाला चालते, खेचायला नाही, त्यामुळे सगळी रचना उलटी करावी लागली असती. काढली. मग नुसती सरकणारी नळी ठेवून नटाला जोर लावल्याचा अभिनय करायला सांगितलं. बघवत नव्हतं.

१६ मे

उत्तर ट्रकच्या ट्यूबमध्ये सापडलं. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब घेतली, पट्ट्या कापल्या, आत दोन्ही बाजूंनी बांधल्या. काट्यावर बघितलं तर पंचवीस किलोच्या आसपास ओढ येते. ट्यूब, हुक, क्लॅम्प मिळून ३०० रुपये. सोडली की हळूहळू परत येते, झटक्याने नाही, कारण मध्ये लाकडी चकतीचं घर्षण ठेवलंय. बोट सापडू नये म्हणून सरकणाऱ्या फटीवर रबराची पट्टी लावली, हे आधीच करा.

नटाने खेचलं आणि मानेच्या शिरा दिसल्या. तो म्हणाला, "दादा, हे पंचवीस आहे आणि त्यांचं नव्वद होतं?" मग तो बराच वेळ काही न बोलता तेच करत बसला.

१८ मे

स्क्रिप्टवरून मोठं वाजलं. डिरेक्टरला पाहिजे होतं की मनगट मोडल्यावर गंजू लामा एका हाताने स्प्रिंग खेचतायत, क्लोज अप, आरोळी, संगीत. मी म्हटलं नाही. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात जे लिहिलंय ते असं : मोडलेलं मनगट, दोन जखमा, सरपटत पुढे जाणं, ३० यार्ड, दोन रणगाडे, मग बाहेर पळणाऱ्या रणगाड्यातल्या सैनिकांवर हातबॉम्ब घेऊन तुटून पडणं. तिसरा रणगाडा आपल्या अँटी-टँक तोफेने मारला. हे एवढं जबरदस्त आहे की त्यात आपण आपल्या पदरचं काय घालणार. आणि नव्वद किलोची स्प्रिंग मोडलेल्या मनगटाने खेचताना दाखवली तर ज्याला हे हत्यार माहीत आहे तो तिथेच विश्वास सोडेल, आणि मग खरं दाखवलेलंही त्याला खोटं वाटेल.

शेवटी असं ठरलं. स्प्रिंग सुरुवातीलाच, तोफांचा मारा चालू असताना, खंदकात ताणली जाते, दोन्ही हात धड असताना, आणि ते पूर्ण दाखवायचं, न कापता, जेवढा वेळ लागतो तेवढा. म्हणजे पुढे जखमी झाल्यावर तो जेव्हा पियाट खांद्याला दाबून धरतो तेव्हा प्रेक्षकाला कळलेलं असतं की हा एवढा घट्ट का धरतोय, पकड सुटली तर दुसरा बॉम्ब नाही. मला वाटतं हा आमच्या फिल्ममधला सगळ्यात चांगला निर्णय आहे आणि तो हत्यार बनवता बनवता सुचला.

२४ मे

बॉम्ब. लाकडी खेळणी बनवणारे एक खरादी काका आहेत, त्यांच्याकडून सहा करून घेतले, ३५० रुपयांना एक. पुढचं टोक, फुगीर पोट, मागे बारीक नळी आणि शेपटीला गोल कडं. कडं लाकडात टिकत नाही, आडव्या धाग्यावर तुटतं, म्हणून ते ७५ च्या पाइपचा तुकडा कापून केलं आणि चार पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलं. खऱ्या बॉम्बमध्ये पोकळ आकाराची दारू असते, वेगाने आदळून नाही तर आदळल्यावर एका बिंदूवर धातूची धार सोडून पोलाद भेदायचं, कागदावर १०० मिमीपर्यंत. जपानी मध्यम रणगाड्यांचं चिलखत त्याच्या निम्मंही नव्हतं. म्हणजे लागला तर काम होणार हे नक्की, प्रश्न जवळ जायचा होता.

बॉम्ब वाहून न्यायची तीन नळ्यांची जुडी असते, तीही केली, जाड पुठ्ठ्याची. छान झाली.

८ जून

पाऊस आला. पुठ्ठ्याची जुडी गच्चीवर वाळत ठेवलेली, तिचा लगदा झाला. शूट चिखलात आहे हे माहीत असूनही पुठ्ठा वापरला, खरी पुठ्ठ्यासारख्याच मालाची होती म्हणून मोह झाला. आता पाइपच्या तुकड्यांवर ब्राउन पेपर चिकटवून दोन हात वॉर्निश मारलं. पाण्यात बुडवून बघितलं, टिकलं.

ट्रिगरजवळच्या लाकडी भागाचा साधा प्लायही फुगून पापुद्रे सुटायला लागले, तो काढून मरीन प्लाय लावला. खांद्याच्या गादीचा कॅनव्हास ५०० रुपयांचा, तो भिजल्यावर जड होतो आणि रंग सोडतो, नटाच्या मानेला हिरवा डाग. आधी दोनदा धुऊन घ्या.

१५ जून

मावळात लोकेशन बघून आलो. निंगथौखोंग म्हणजे टिड्डिम रोडवर, बिष्णुपूरच्या खाली, लोकताक सरोवराच्या काठचा सपाट भाग, जूनमध्ये सगळं पाण्याने भरलेलं. आमच्याकडे तसं दिसणारं म्हणजे भाताची खाचरं. एका शेतकरी काकांनी पडीक दोन खाचरं दिली, अट एकच, शेजारच्या दाढेवर, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यावर, पाय पडता कामा नये. बरोबरच आहे. रोपं तुडवली गेली तर त्यांचं वर्ष जातं. दोरी बांधून घेतली.

पोलीस स्टेशनला आणि ग्रामपंचायतीला लेखी पत्र, सोबत डमीचे फोटो. हे न करता असलं काही घेऊन रस्त्यावर फिरू नका. गाडीत नेताना दोन्ही डमी चादरीत गुंडाळून, तोंडाला भगवी टेप लावून.

२८ जून

शूटचा पहिला दिवस. बांधावरून खाली तोंड करून नेम धरायचा शॉट होता आणि बॉम्ब सरळ घसरून चिखलात पडला. परत ठेवला, परत पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला मनातून आनंद झाला, कारण खऱ्या पियाटची ही तक्रार होतीच, पन्हळ उघडी असल्यामुळे खाली झुकवून मारायला तो वाईट. डिरेक्टरला सांगितलं, शॉट बदल, नट बांधाच्या खाली जाऊ दे, थोडं वरच्या दिशेने मारू दे. त्याने ऐकलं. फ्रेमही चांगली मिळाली, भरलेलं आभाळ मागे. सरपटण्याच्या शॉटसाठी मात्र बॉम्बमध्ये चुंबक बसवला.

सरपटणं. मोडलेला डावा हात पोटाशी, पियाट उजव्या कोपराच्या बेचक्यात अडकवून ओढत. अकरा किलो, त्यावर भिजलेला कॅनव्हास, त्यावर पन्हळीत भरलेला चिखल. पोरगा दर काही फुटांवर थांबत होता आणि ते थांबणं आम्ही कुणीही त्याला सांगितलेलं नव्हतं. डीओपीने, म्हणजे कॅमेरामनने, कॅमेरा कट केलाच नाही. तीन किलोचा डमी ठेवला असता तर हे मिळालं नसतं.

एकच पाय चिखलात रुतून बसतो आणि काढताना वेल्डिंग तुटलं. गावातल्या गॅरेजवाल्याने जोडून दिलं, तासाभराचं शूट गेलं. पायाच्या खाली रुंद चकती लावा.

२९ जून

बॉम्ब सुटल्याचा धक्का. उडत काहीच नाही म्हणून नटाच्या मागे खांद्याला पट्टा बांधून एक जण फ्रेमबाहेरून झटका देत होता. आधी झटका वरच्या दिशेने जायचा, रायफलसारखा. पियाटचा धक्का सरळ मागे, अख्खं शरीर ढकलणारा. पट्टा खाली, काखेच्या उंचीला बांधल्यावर जमलं. नटाला सांगितलं, ढकललं गेलास तरी खांदा सोडायचा नाही. त्याला आता सांगायची गरज नव्हती.

१० जुलै

व्हीएफएक्सचा पहिला कट आला आणि त्यात पियाटच्या तोंडातून ज्वाळा, मागून झोत आणि बॉम्बच्या मागे धुराची लांब शेपटी. म्हणजे रॉकेट सोडणारा आरपीजी. करणाऱ्या मित्राने कष्टाने केलं होतं, पण ते पियाट नाही. त्याला समोर बसवून सांगितलं. काडतूस बॉम्बच्या शेपटीच्या आत पेटतं, म्हणून बाहेर आग दिसत नाही, मागून काही निघत नाही, वाटेत इंजिन नाही म्हणून धूर नाही. जवळ जाऊन मारा करून लपून राहता यायचं ते याच्यामुळेच. ज्वाळा टाकल्या की मारणाऱ्याची जागा लगेच कळते.

दुसरा कट. ज्वाळा गेल्या, पण बॉम्ब गेमसारखा उंच कमान करून जातोय. मग हिशोबच केला. वेग सेकंदाला २५० फूट, म्हणजे ७६ मीटर. ३० यार्ड म्हणजे २७ मीटर. वेळ साधारण ०.३६ सेकंद, २४ फ्रेमच्या हिशोबाने आठ-नऊ फ्रेम. एवढ्या वेळात कमानीची उंची वीतभरही होत नाही. ११५ यार्डांवर, जिथपर्यंत रणगाड्यावर मारणं अपेक्षित होतं, तिथे जवळजवळ दीड सेकंद जातो, तिथे कमान दाखवा. घरं फोडायला साडेतीनशे यार्डांपर्यंत मारायचे तेव्हा तर नक्कीच. आपल्या शॉटला नाही. त्याने आठ फ्रेममध्ये एक काळा ठिपका सरळ नेला आणि रणगाड्याच्या बाजूवर एक छोटी पांढरी ठिणगी, मग अर्धा सेकंद काही नाही, मग आतून धूर. बघताना अंगावर काटा आला.

त्याचं म्हणणं एवढंच होतं की प्रेक्षकांना हे फुसकं वाटेल. नॉर्मंडीनंतर ब्रिटिशांनी मोजणी केली तेव्हा त्यांच्या भागात बाद झालेल्या जर्मन रणगाड्यांपैकी ७ टक्के पियाटचे निघाले, विमानातल्या रॉकेटचे ६. फुसकं नाही. दाखवणारे बझूका समजून दाखवतात, म्हणून लोकांना ते वेगळं वाटतं.

१७ जुलै

आवाज. लायब्ररीतला रॉकेटचा आवाज बाद. आम्ही तीन थर लावले : लोखंडी नळीत जड दांडा सरकून आपटल्याचा ठणका (डमीचाच रेकॉर्ड केला), त्याच्या लगेच मागे काडतुसाचा कोरडा बार, आणि नटाच्या छातीतून निघालेला श्वास. ठणका आणि बारामध्ये एक फ्रेमची फट ठेवली की दांडा पुढे जाऊन मग काडतूस पेटतं हे कानाला कळतं. फट दोन फ्रेमची केली तर दोन वेगळे आवाज वाटतात, एकच ठेवा.

२१ जुलै

खर्चाचा हिशोब : दोन्ही डमी, सहा बॉम्ब, दुरुस्त्या धरून नऊ हजारांच्या थोडं वर. सगळ्यात जास्त पैसा लोखंडी कामाला, सगळ्यात जास्त वेळ वजनाला आणि स्प्रिंगला गेला. परत करायचं झालं तर लोखंडी नळीपासूनच सुरुवात करीन, पीव्हीसीवाला नंतर हलका जोड म्हणून. पुठ्ठा अजिबात नाही. पायाला चकती पहिल्या दिवसापासून.

ट्यूबच्या पट्ट्या चिखलाने चिरल्यात, बदलायच्या आहेत, पिकअप शॉट बाकी आहेत, खंदकातला स्प्रिंग ताणायचाच शॉट एका बाजूने परत घ्यायचाय. नळीला आतून गंज धरतोय, ग्रीस भरून ठेवलंय. कुणाला साचे पाहिजे असतील तर कागदावर मापांसकट काढून ठेवलेत, पन्हळीचा, टेक्याचा आणि डाव्या बाजूच्या नेमाच्या पट्टीचा, नेमाची पट्टी खऱ्यावर ७० आणि १०० यार्डांसाठी असते तशी दोन भोकांची केलीय.

पुढचा शॉट रविवारी, पाऊस असेल तर.